पाय ब्रेकवरच ठेव

रविवार, ९ नोव्हेंबर. आभाळ भरलेलं, वारा नाही. भर सकाळी उजेड कमी. दिवे तपासायला बरा दिवस.

— नाही नाही, उतरू नकोस दादा, बस तसाच. ब्रेक लाइट बघायचे म्हणजे एक माणूस पुढे दाबायला लागतो आणि एक मागे बघायला, मी एकटी काय करणार? म्हणून तर तुला बोलावलं. सगळे आलात ते बरंच झालं. दाब. — मामा, डावा लागला का हो? नाही? वहिनी, उजवा? आई, तू खुर्चीतूनच बघ, मागच्या काचेत वर एक पट्टी आहे ना, ती लाल झाली की सांग. नाही झाली? बरं. दादा, सोड. आता जोरात. करकचून दाब — बघ, हसले मामा. करकचून म्हणजे मीच ना! आई शेजारी बसलेली, मी करकचून ब्रेक मारला आणि टेम्पोनं मागून ठोकलं, त्या दिवसापासून हेच नाव पडलंय माझं. 'करकचून आली, रस्ता सोडा!' तुझी पोरंसुद्धा म्हणतात. कोणी शिकवलं असेल त्यांना? घरात कानावर पडतं तेच बोलणार ना पोरं.

बल्ब? बल्ब नवे आहेत रे. मागचं सगळंच फुटलं होतं, गॅरेजवाल्यानं नवे दिवे बसवले, पत्रा ठोकून दिला, आणि मी गाडी आणून या भिंतीला पाठ करून लावली. संध्याकाळची वेळ. ब्रेक दाबला, आरशात बघते तर भिंत पांढरीची पांढरी. लाल उजेड पडायला नको? बल्ब काढून पाहिले, ठीक. फ्यूज पाहिला, ठीक. फ्यूजपर्यंत करंट येतोय आणि मागे दिव्यापर्यंत पोचत नाहीये. मग मधे काय राहिलं? सांग ना, गाडीतलं सगळे तुलाच विचारतात. — पेडलचा स्विच! बरोब्बर. बघ, किती चटकन आठवलं.

मग घाल डोकं खाली. घाल की. स्टिअरिंगच्या खाली, पेडलची दांडी वर जाते तिथे. — काही नाही वहिनी, शोधतोय तो! — हं, स्विच दिसला? आणि त्याचा प्लग? प्लग कुठाय? बाजूला. वायरींच्या जुडग्याला बांधलेला, लोंबकळून खडखड करू नये म्हणून. निळ्या टेपनं. नीट बघ ती टेप. टोक दुमडलंय, सोडवताना नख लागावं म्हणून. आपल्या घरात असं टोक कोण दुमडतं रे? टीव्हीचा रिमोट, बाबांच्या चष्म्याची काडी, अंगणातला पाइप, जिथे बघावं तिथे निळी टेप आणि दुमडलेलं टोक.

हळू? हळूच बोलतेय की. खिडकीशी वाकून, तुला एकट्याला ऐकू येईल असं. अजून तरी.

कसं झालं तेही सांगते, ही गाडी तुझी होती तेव्हाचं. पेडलच्या दांडीवर नखाएवढं एक रबर असतं. पाय उचलला की ते स्विचचं बटण दाबतं आणि दिवे विझतात. ते झिजून पडलं असणार — मग दिवे विझतायत कशाला! गाडी बंद करून घरात आलास तरी मागे जळतच राहिले, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. धक्का मारायला शेजाऱ्यांना हाका मारायचास, आठवतं? आणि मग एक दिवस बॅटरी आपोआप सुधारली. रबर नाही बदललंस. प्लगच उपटलास. नवी गाडी आली तेव्हा ही मला दिलीस. 'डोळे मिटून चालव, एक काम निघायचं नाही.' विसरला असशील. विसरलास हे मी पोटात घातलं असतं. पण दवाखान्यात आईचा हात प्लास्टरमधे, आणि तू सगळ्यांच्या देखत काय म्हणालास? 'हिला ब्रेक कधी मारायचा तेच कळत नाही, हिच्याकडे आईला ठेवायचं नाही.' तेव्हाही विसरला होतास? बाबा गेल्यापासून माझ्याजवळ राहत होती ती. दवाखान्यातूनच परस्पर तुझ्या घरी नेलीस. तिच्या पलंगाची चादर मी अजून बदलते. कोणी झोपत नाही, तरी बदलते. आणि ती माझ्या गाडीत बसायला नको म्हणते, बस पकडते, पण बसत नाही.

काय म्हणालास? टेप नवी दिसतेय? — दिसणारच. तुझी जुनी सोडवून ठेवलीय मी, दाखवू? रबर आणून बसवलं, प्लग खोचला, दिवे केव्हाच सुरू झाले. काल पुन्हा प्लग काढला आणि पुन्हा बांधला. टोक दुमडायची तीनदा प्रॅक्टिस केली. नाहीतर या सगळ्यांपुढे तुझं डोकं असं खाली गेलं असतं का? — हे सांगायचं नव्हतं मला. असू दे. कळू दे तुला किती साठलंय ते.

खोच आता. टक्क वाजेपर्यंत. वर ये, दाब. — लागला मामा? वहिनी, उजवा? झालं! — दादा, पाय काढायचा नाही. पाय ब्रेकवरच ठेव आणि इथूनच मोठ्यानं सांग, आईला ऐकू जाईल असं. 'प्लग मी काढला होता. हिची चूक नव्हती.' एवढंच. मान काय हलवतोस? तोंड उघड. मी सांगू? मी सांगितलं तर सगळं सांगेन, बॅटरीपासून.

आई, तू कशाला उठलीस? बस ना, दादा काहीतरी सांगतोय तुला. ऐक जरा, त्याच्याच तोंडून ऐक. — काय? माहीत आहे? काय माहीत आहे तुला? — प्लगचं? तुला कोणी... यानं? कधी? — दवाखान्यात. म्हणजे तिथेच. उशाशी बसून रडला, म्हणून तू... आणि सगळे मला करकचून म्हणून हसत होते तेव्हा तू तिथेच होतीस, आई. समोर बसली होतीस.

का पण? — त्याला सोसवत नाही म्हणून? आणि मला —

डावा दिवा लागला. उजवा लागला. वरची पट्टी लागली. आई दादाच्या गाडीतून गेली.