निशाण मागून घ्यावं लागतं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर आन्सेल्मो, शहरातून एवढा चिखल तुडवत आलेले संस्कृती खात्याचे अधिकारी श्रीयुत एदिल्सन, आज ज्यांचा सत्कार आहे ते, निशाण घेऊन घरोघर गात फिरणाऱ्या आपल्या फोलियाचे कप्तान ओरोझिंबो, त्यांची वाजवणारी-गाणारी मंडळी, आणि समोर बाकांवर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे माना वळवणाऱ्या माझ्या पेद्रा मान्साच्या गावकऱ्यांनो, तुम्हा सगळ्यांना एर्मेलिंदा म्हातारीचा नमस्कार.

फादरांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. रविवारचं त्यांचं स्वतःचं प्रवचन आपण सगळे ऐकतो, तेव्हा थोडक्यात म्हणजे किती हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दुसरं असं, की हे निशाण बाजूच्या स्टँडवर ठेवा, हात दुखतील, असं मला फादर दोनदा म्हणाले आणि एदिल्सनसाहेब एकदा म्हणाले. हात माझे, दुखतील तर माझेच दुखतील. यंदा तीन राजांच्या सणाची यजमानीण मी. मघाशी मंडळी वाजतगाजत दारात आली, कप्तानाने निशाण माझ्या हातात दिलं, तेव्हापासून ते माझ्या हातात आहे. राहू दे. का, ते बोलता बोलता येईलच.

तर कप्तान आज शिट्टी उतरवून ठेवणार आहेत. गुडघे गेले, घसा गेला. माणूस म्हातारा होतो, त्याला कुणाचा इलाज नाही आणि त्यासाठी हार घालायचीही गरज नाही, पण हार आणला आहे तर घालू. माझी तक्रार वेगळी आहे. कप्तानाबरोबर फोलियाही बंद, आणि हे निशाण शहरात काचेच्या कपाटात, असं ठरलं आहे. कपाटाची किल्ली एदिल्सनसाहेबांच्या खिशात आहे, मघापासून वाजते आहे. का बंद? तर कप्तानाला मुलगा नाही. मुलगी आहे. झेनाइदे, ती काय, मागे खंजिरी घेऊन भिंतीला टेकून उभी आहे. गेली कित्येक वर्षं ती मंडळीच्या शेवटी चालते, पुरुषांचे मोजे वाळत घालते, आणि कप्तान ओळ विसरले की मागून हळूच ओळ देते. आपल्याला वाटतं कप्तान ओळ ताणून म्हणत आहेत. ते ताणत नसतात, वाट बघत असतात.

पण ती मुलगी. कप्तानाचं म्हणणं असं, "आमच्या फोलियात बाईने कधी निशाण मागितलेलं नाही." हे वाक्य जरा जपून ठेवा. मला त्याच्याशी काम आहे.

आता सत्काराचं भाषण म्हटलं की गुण सांगायला हवेत. मी या माणसाला उघड्या अंगाने पेरूच्या झाडावर चढताना पाहिलं आहे. झाड माझ्या बापाचं होतं. गुण तेव्हाही होते, उतरायला सांगितलं की उतरत नसे. आजही तसंच आहे. फोलियाचा नियम असा की नाताळच्या आदल्या दिवशी निघालं की आजच्या सणापर्यंत ज्या वाटेने आलो त्या वाटेने मागे फिरायचं नाही. बाळ येशूला बघून परतताना तीन राजांनीही त्या दुष्ट हेरोद राजाला चुकवायला दुसरी वाट धरली होती ना, म्हणून. राजांचं ठीक आहे, त्यांच्याकडे उंट होते. आमचे कप्तान ढोल, व्हिओला, अ‍ॅकॉर्डियन आणि पावसाने भिजलेली माणसं घेऊन निघायचे. वीस पावलं मागे गेलं की पूल, पण नाही. मागे फिरायचं नाही. ओढ्यातून चला. कुंपणाखालून सरका. एका वर्षी याच हट्टापायी सगळी मंडळी बैलाच्या कुरणात शिरली. बैलाला नियम माहीत नव्हता. अ‍ॅकॉर्डियनवाला झाडावर, ढोलवाला ढोलाखाली, आणि कप्तान निशाण उंच धरून कमरेइतक्या ओढ्यात उभे. निशाणावर थेंब पडू दिला नाही, हे मात्र खरं. ते मी नाकारत नाही.

लोकांना वाटतं, फिरस्त्या गाणाऱ्यांची सणात चंगळ. घरोघर जेवण, घरोघर उसाच्या काशासाचा पेला. जाऊन बघा एकदा. धान्याच्या पोत्यांवर झोपायचं, ओले बूट पायात घालायचे, चुलीशी वाळत टाकलेला आपला मोजा समजून दुसऱ्याचा ओढायचा. आणि जेवण? कुठल्याही घरी नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की घरधनीण वर्षभर लक्षात ठेवते. मी ठेवते. एका दुपारी चार घरी डुकराचं मटण, चार घरी घेवडा-भात, चारही ठिकाणी "आमच्याकडे तुम्ही काहीच घेतलं नाही." यावर एकच माणूस कधी हरला नाही, आपला सोंगाड्या बेलार्मिनो. मुखवटा घालून नाचायचं, निशाणाची राखण करायची, पोरांना घाबरवायचं आणि उरलेलं सगळं संपवायचं, ही त्याची कामं. शेवटचं तो सर्वांत मन लावून करत आला. बेलार्मिनो, खाली बघू नकोस, अजून तुझं यायचंच आहे.

ज्या वर्षी बैल भेटला त्याच वर्षीची गोष्ट. कप्तान ओढ्यात उभे राहिले आणि त्यांचा घसा बसला. तशातच मंडळी दुपारी माझ्या घरी पोचली. नेहमीसारखं मी निशाण हातात घेतलं आणि घरभर फिरवलं. स्वयंपाकघर, कोठीची खोली, मग आतली खोली. आतल्या खोलीत माझा नवरा झेफेरिनो खाटेवर होता. त्या वर्षी तो उठत नव्हता. निशाणाला खाली फिती बांधलेल्या असतात, लोकांनी नवसाने बांधलेल्या, त्या तुम्ही बघताच आहात. त्यातली एक निळी फीत त्याने मुठीत धरली आणि मला म्हणाला, "बाहेर काय चाललंय?"

मी म्हटलं, "जेवतायत."

"मग सावकाश जेवू दे."

जेवण झालं. आता निघायचं, तर निशाण मागायला हवं. आणि ते काही "बाई, आमचं निशाण आणा" असं मागत नाहीत. त्या घरासाठी नवं कडवं रचावं लागतं. घरात कोण आहे, त्यांनी काय दिलं, त्यांच्यावर काय वेळ आहे, सगळं त्यात यावं लागतं, आणि तेही उभ्या उभ्या. ते कप्तानाचं काम. कप्तानाने शिट्टी फुंकली, तोंड उघडलं, आणि आतून किराण्याच्या दुकानाचं दार उघडल्यासारखा आवाज आला. पुन्हा शिट्टी, पुन्हा दार. मी मध-लिंबू दिलं, आलं दिलं. अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला मी म्हणतो. त्याने पहिल्या ओळीत माझ्या मेलेल्या कोंबडीचे आभार मानले आणि पुढे त्याला सुचेना. कोंबडीपाशीच राहिला.

म्हणजे निशाण आत आणि मंडळी बाहेर, अडकून. दुसऱ्या दिवशीही अडकलेली. माझ्या कोंबड्या कमी होत चालल्या, चुलीवरचं भांडं उतरेना. बाहेर ढोलवाला कौलं शाकारून देत होता, व्हिओलावाला नुसता तारा छेडत बसला होता. कप्तान खुणांनी माझी माफी मागत होते. एवढं नम्र मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आणि आत झेफेरिनो फीत धरून, डोळे मिटून, घरात एवढी माणसं असल्याचा आवाज ऐकत पडलेला. मला म्हणाला, "ओरोझिंबोला आणखी लिंबू देऊ नकोस."

मी दिलं नाही. राजांनी मला काय ते विचारावं.

अशात आणखी एक भानगड झाली. बेलार्मिनोने माझ्या घरचं संपवता संपवता पोट धरलं आणि तो मक्याच्या कोठीत जाऊन आडवा झाला. सोंगाड्या नाही म्हणजे निशाणाला राखणदार नाही. आता घसा सुटला तरी निघता येईना. नेमकी त्याच वेळी झेनाइदे बापासाठी कोरडे शर्ट घेऊन गावातून आली. तरुण होती. तिने सगळं बघितलं. कोठीत गेली. थोड्या वेळाने कोठीतून सोंगाड्या बाहेर आला. तोच झगा, तोच मुखवटा, काठी तीच. फक्त पोट नव्हतं.

अंगणात उभं राहून सोंगाड्याने कप्तानाकडे बघून मान हलवली. कप्तानाने सवयीने शिट्टी फुंकली. आणि मुखवट्याच्या आतून कडवं आलं. मला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण ऐकलेलं माझ्याकडून सुटत नाही:

दुखणाइताच्या उशाशी राजे बसले तीन,
मूठ त्याने सोडावी ही विनंती करीन,
वाट पुढे चिखलाची नि घरं अजून फार,
निशाण द्यावं मायबाई, उघडं ठेवून दार.

आतल्या खोलीत झेफेरिनोने डोळे उघडले. "हे ओरोझिंबोचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, "पण मागितलंय नीट." आणि मूठ सोडली.

मी निशाण बाहेर आणून दिलं. ईस्टरच्या आधी तो गेला. ते ज्याचं त्याचं असतं, त्यावर मी इथे बोलणार नाही.

पण दारातून निघताना कप्तान काय म्हणाले ते सांगते. बापाला लेकीचा आवाज कळत नाही, असं तुम्हाला वाटतं का? बुटांकडे बघत, होता नव्हता तेवढा आवाज काढून ते मला म्हणाले, "बेलार्मिनो आज बरा गायला."

मी म्हटलं, "हो ना. पोटदुखीने आवाज अगदी कोवळा झाला बिचाऱ्याचा."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत्ताही पाहत नाहीयेत.

आणि बेलार्मिनो, तू. 'मी फोलियाचं निशाण सोडवलं' ही गोष्ट तू गुत्त्यात किती वर्षं सांगतो आहेस? दर वर्षी कडवं एका ओळीने वाढतं. ज्यांना कळलं होतं ते गप्प बसले, ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी तुला पाजली. मीही गप्प बसले, कारण मला कुणी विचारलं नाही. आता मला भाषण करायला सांगितलं आहे, म्हणजे विचारल्यासारखंच झालं.

तर मघाचं ते वाक्य काढा आता. बाईने कधी निशाण मागितलेलं नाही. मागितलं आहे. माझ्या घरी, माझ्या हातून मिळालं आहे, आणि कप्तानाच्या शिट्टीवर मिळालं आहे. आभाळ कोसळलं नाही. थोडी कौलं गळत होती, ती आधीपासूनच.

एदिल्सनसाहेब, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सज्जन आहात, बूट दाराबाहेर काढून आत आलात, ते मी पाहिलं. तुमचं कपाटही मी बघून आले. काच लख्ख आहे, आत दिवा आहे. पण मला सांगा, त्या कपाटात स्वयंपाकघर कुठे? दुखणाइताची खाट कुठे? या फिती कुणाच्या मुठीत जायच्या? निशाण घरभर फिरायला असतं, कपाटाला एकच खोली. तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही. बेलार्मिनोचा जुना मुखवटा न्या, दिव्याखाली फार शोभेल. खाली पाटी लावाल तेव्हा तो कुणाकुणाच्या तोंडावर होता, ते मात्र विचारून लावा.

ओरोझिंबो, आता कप्तान म्हणत नाही, पेरूच्या झाडाखालून बोलते आहे असं समज. तू उन्हापावसात फिरलास, एक दार चुकवलं नाहीस. माझ्या दारातूनही कधी पुढे गेला नाहीस, मी तोंडाची फटकळ असूनही. त्याबद्दल तुझे आभार मानायला मी उभी आहे, आणि ते मानते. मागे फिरायचं नाही हा नियम तूच पाळलास जन्मभर. मग आता फोलिया बंद करून घरी निघालास, ही कुठली वाट?

असो. फादर घड्याळ बघतायत. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, पाहुणे एवढ्या लांबून आले, ज्या बायांनी पहाटेपासून माझ्याबरोबर चुलीसमोर घाम गाळला त्यांनी मीठ नीट घातलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल, मानपानात कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. पोटात जागा आहे, जेवण अजून वाढलेलं नाही.

आणि ते वाढलंही जाणार नाही. नियम माझा नाही, फोलियाचा आहे. वाटेवरच्या घरांचं वेगळं, पण आजच्या सणाच्या जेवणाला यजमानणीच्या हातात निशाण असेपर्यंत कुणी पानावर बसत नाही. मी ते कपाटाला देणार नाही, कारण कपाट मागू शकत नाही. भात निवतो आहे, माझे हात दुखायला लागले आहेत, आणि मी जोपर्यंत कुणी मागत नाही तोपर्यंत इथेच उभी राहणार आहे. रीतीने मागायचं. आधी शिट्टी, मग कडवं.

ओरोझिंबो, शिट्टीच्या दोरीची गाठ सुटत नसेल तर डोक्यावरून काढ. हार आधी काढ, त्यात अडकली आहे. हां. आता मागे दे. हातोहात जाऊ दे, तुझे गुडघे नको त्रासात घालूस.

बेलार्मिनो, तू बस. या वेळी तुझा आवाज नको.

ये पोरी, पुढे ये. मला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने म्हण. आणि आज तोंडावर काही नाही, तर सगळ्यांकडे बघून म्हण.