दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह

(दुपार. खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं.)

आई : बघितलंस? आजही तेच. जिन्यात पाऊल वाजलं, दारापाशी थांबलं, पिशवी कडीला अडकली. चोर येतो तो न्यायला येतो. आमचे चिरंजीव ठेवून पळतात.

थोरली : आई, हळू बोला. हे आत जागे आहेत.

आई : असू दे. पाय गेलेत त्याचे, कान नाही गेले. महिना झाला! सख्खा भाऊ डोक्यावर राहतो, सकाळ-संध्याकाळ वरून पावलं ऐकू येतात, आणि सोळा पायऱ्या उतरून आत यायला ह्याला मुहूर्त मिळत नाही.

थोरली : कारखान्यात काम असेल भावजींना.

आई : तू त्याची बाजू घेऊ नकोस. तुझ्या तोंडी शोभत नाही.

थोरली : बाजू कसली घेतेय? बेल वाजली की हे मान वळवतात. ‘कोण आलं?’ म्हणतात. दूधवाला म्हटलं की परत भिंतीकडे तोंड. ते बघवत नाही, म्हणून काहीतरी बोलते झालं.

आई : थांब. पाऊल वर गेलेलंच नाही. अहो साहेब! जिन्यात उभे आहात ते कळतंय मला. आत या. आईने बोलावलं तर चालतं ना, की चिठ्ठी पाठवू?

धाकटा : आई… घाईत होतो गं. वहिनी, औषधं आणलीत. ती निळी गोळी इथे मिळत नव्हती, लांब जावं लागलं.

थोरली : ठेवा ना तिथे. बसा.

धाकटा : नको, निघतोच. दादा झोपलाय का?

आई : तूच बघ जाऊन. दार उघडंच आहे. …नाही ना उचलत पाय? मग बस इथे. चहा टाक गं. साखर कमी घाल, साहेबांचं नाव मोठं झालंय, वजन वाढायला नको.

धाकटा : आई, टोमणे मारायला बोलावलंस का?

आई : नाही रे. मला कळून घ्यायचंय. अडाणी बाई मी. तुमचं ते काम म्हणजे गॅस आणि पाणी एका टाकीत घालायचं, गार करायचं, दाबायचं. मग त्याचा पांढरा बर्फ होतो, गॅस त्यात अडकून बसतो, गोळ्या करून कुठेही न्यावा. काडी लावली तर बर्फ पेटतो. बरोबर?

धाकटा : बरोबर.

आई : तो जमायला बारा तास लागायचे. तू पाचसहा वर्षं डोकं फोडत होतास. साबणासारखी पूड घातलीस, तर वितळताना नुसता फेस. मग इथेच, ह्याच खुर्चीवर बसून म्हणालास, ‘आई, वेग काही वाढत नाही.’ मी दूध विरजत होते. म्हटलं, कालचं थोडं घालावं, लवकर लागतं.

धाकटा : हो. एकदा बर्फ होऊन वितळलेलं पाणी पुन्हा लवकर जमतं. तेच वापरलं. बारा तासांचे चार झाले.

आई : साऱ्या गल्लीला सांगत फिरले मी! माझ्या विरजणावरून माझ्या लेकाने कारखान्याला वेग दिला म्हणून. ती शेजारीण कान झाकायची मला बघून. इतकी मिरवले.

थोरली : आई, चहा घ्या. पुरे आता.

आई : पुरे कसं? आत्ता तर सुरू झालं. मग तेच पाणी पाइपात गेलं, आणि जिथे जमायला नको तिथेही जमलं. बर्फाचं बूच बसलं. असं बूच बसलं तर काय करायचं असतं रे?

धाकटा : आई, चहा गार होतोय.

आई : बोल की. तुमच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय, थोरल्याने सांगितलं होतं मला.

धाकटा : दोन्ही टोकांनी दाब सोडायचा. हळूहळू, सारखा.

आई : आणि एकाच बाजूने सोडला तर?

धाकटा : तर दुसऱ्या बाजूचा दाब बुचाला ढकलतो. गोळीसारखं सुटतं ते. आई, चौकशी झालीय. कागद आलाय. दादाने स्वतः सांगितलंय की एकच व्हॉल्व्ह उघडला, आपल्या मनाने.

आई : आलाय ना कागद. ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.’ मला चार अक्षरं लावून लावून वाचता येतात. तो एक शब्द वाचायला अर्धा तास लागला, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला नाही. बावीस वर्षं त्याने एक नट सैल ठेवला नाही.

धाकटा : होतं कधीकधी. दमलेला असतो माणूस.

आई : तो दमलेला नव्हता. जेवत होता. तुझा फोन आला तेव्हा तो ह्याच पाटावर होता, मी पोळी वाढत होते.

थोरली : कुठला फोन?

आई : तू माहेरी होतीस त्या दिवशी. तो ताटावरून उठला, हात तसाच खरकटा. म्हणाला, ‘एकाच बाजूने? अरे, दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह नको का उघडायला?’ मग थोडं ऐकलं. मग म्हणाला, ‘बरं. तू म्हणतोस तर.’ पोळी अर्धी टाकून गेला. मला तेव्हा काय कळणार? कागद वाचला तेव्हा कळलं.

थोरली : भावजी?

धाकटा : …दुसरं टोक उघडायचं तर अख्खा कारखाना थांबवावा लागतो, वहिनी. वरच्या साहेबांना सलग तीस दिवस न थांबता चालवून दाखवायचं होतं. एकोणतिसावा दिवस होता. बूच लहान असेल असं वाटलं मला. खरंच वाटलं.

थोरली : एक दिवस? एका दिवसासाठी?

धाकटा : मी दवाखान्यात सांगणार होतो. स्ट्रेचरवरच दादा म्हणाला, ‘मीच उघडला, माझं मी केलं.’ कारखान्याचे साहेब शेजारी उभे. मग मला बोलताच आलं नाही.

आई : त्या दिवशी नाही आलं. दुसऱ्या दिवशी? दहाव्या?

धाकटा : आता सांगून काय? पाय परत येणार आहेत का? माझं सगळं जाईल, ते काम बंद पडेल, दोनशे माणसं तिथे पोटाला लागलीत.

आई : दोनशे माणसांच्या आड लपू नकोस, एवढा लहान नाहीस.

थोरली : कारखान्यातली माणसं भेटायला येत नाहीत, भावजी. जिन्यावरून जातात, आत येत नाहीत. सगळ्यांचा जीव ह्यांच्या चुकीने जाणार होता, असं म्हणतात. हे ऐकतात ते. झोपेत हात असा गोल फिरवतात, काहीतरी उघडल्यासारखा. मला वाटायचं, चूक आठवते म्हणून.

धाकटा : वहिनी, मी… सोमवारी बघतो. बोलून बघतो कुणाशी तरी.

आई : कुठल्या सोमवारी?

धाकटा : ह्या… नाहीतर पुढच्या.

आई : बघ, तोंडातून निघाला सोमवार, आणि तुलाच माहीत नाही कुठला.

धाकटा : मग काय करू? शाप दे मला! हाकलून दे!

आई : तेच हवंय तुला. एकदा हाकललं की सुटलास. नाही हाकलणार. तू दुष्ट असतास तर कधीच दार लावलं असतं. दुष्ट नाहीस. भित्रा आहेस, आणि माझा आहेस. ‘माझा लेक, माझा लेक’ करून मीच तुला इतका उंच चढवला की आता तुला उतरता येत नाही. तू नाही सांगणार. आज नाही, कधीच नाही. माझी खात्री झाली.

धाकटा : आई…

आई : येत जा. औषधं आणत जा. फक्त ह्यापुढे आधी ते आतलं दार लावून घे आणि मग बोल. हे सगळं ऐकूनही त्याला अजून वाटत असेल, तू सांगशील.