काका, अवतरणात सांगा

काका : …तर त्या म्हणाल्या की असा नवरा सात जन्म तप करूनही मिळत नाही.

सर : काका, ग्रंथालयातल्या बाई असं म्हणाल्या?

काका : म्हणजे त्यांना तसं म्हणायचं होतं.

सर : मी सकाळपासून वर्गात हेच घोकून घेतोय. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना 'मी'चा 'ती' होतो, 'आज'चा 'त्या दिवशी' होतो. पदरचा नवरा घालायचा नसतो.

काका : म्हणून तुझं इंग्रजी अळणी. निरोपाला तिखटमीठ लागतंच.

सर : मला अळणीच द्या. आईला आज उत्तर दिलं नाही, तर ती उद्या मला दुसरी मुलगी दाखवायला नेणार. अवतरणचिन्हात सांगा.

काका : मी म्हटलं, "माझ्या पुतण्याबद्दल बोलायचंय." त्या म्हणाल्या, "बसा."

सर : मग?

काका : बसलो. म्हटलं, हा लहानपणी नदीत पडला, तर मगरीनं अलगद काठावर आणून ठेवला. इतका गुणी.

सर : मी पाण्याच्या पिंपात पडलो होतो.

काका : पिंपात पडलेल्याला कोण मुलगी देतं?

सर : त्या हो म्हणाल्या की नाही?

काका : मगरीवरून हत्तीची गोष्ट निघाली रे. ती संपेना, आणि मधली सुट्टी संपली.

सर : म्हणजे विचारलंच नाहीत.

(शिक्षकांच्या खोलीच्या दारावर टकटक.)

बाई : येऊ का? काकांचा चष्मा ग्रंथालयात राहिला.

सर : या ना. काका काही जास्तीचं बोलले असतील, तर…

बाई : छान बोलले. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा हत्ती आडवा आला.

सर : काय म्हणणार होतात?

बाई : की तुम्ही स्वतः का नाही आलात.

सर : धीर होईना. नकार असता, तर काकांच्या तोंडून जरा गोड होऊन आला असता.

बाई : आणि होकार असता तर?

सर : तर काकांवर विश्वास ठेवला नसता.

बाई : मग आता विचारा.

काका : मी बाहेर थांबतो.

बाई : नको, बसा. तुम्ही बाहेर गेलात, तर घरी पोचेपर्यंत आम्हाला दोन मुलं झालेली असतील.

सर : माझ्याशी लग्न कराल?

बाई : करीन.

काका : मग वहिनींना काय सांगू?

बाई : 'हो म्हणाली.' एवढंच. जमेल?

काका : अवघड आहे. पण बघतो.