पुढून दीड, मागून पाऊण

आई : ...आणि दिग्दर्शक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, राणीची वाक्यं तुम्हाला पाठ असतील ना?" मी म्हटलं, राणीचीच काय घेऊन बसलीस? सेनापतीची पाठ आहेत, दासीची आहेत, पडदा ओढणाऱ्याच्या शिव्यासुद्धा पाठ आहेत!

बाबा : हात खाली घे.

आई : अडतीस वर्षं, अहो! अडतीस वर्षं अंधारात उभी राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. कुणी अडखळलं की मी हळूच सांगायचं आणि टाळ्या त्यांनी घ्यायच्या. आता रविवारी मी उजेडात! मखमली झगा! मुकुट!

बाबा : मुकुट मी शिवत नाही. हलू नकोस, टाचण्या टोचतील.

आई : आनंद मावत नाहीये हो अंगात. गप्प कशी उभी राहू?

बाबा : मावत नसेल तर शिवणीत अर्धा इंच जास्त सोडतो. पण उभी राहा.

लेक : दार सताड उघडं टाकून काय चाललंय तुमचं दोघांचं? अगंबाई! आई! काय दिसतेस तू!

आई : आलीस? सुट्टी मिळाली? ये ये, इथून बघ, खिडकीतून. उजेड पडला की हा जांभळा रंग बघ कसा चमकतो.

लेक : सकाळपासून पंचवीस एक्स-रे काढले, मग पळाले. म्हटलं राणीसरकारांचं दर्शन घ्यावं. बाबा, कमाल केलीत! पाठीवर एक सुरकुती नाही.

बाबा : असायचं कारण नाही.

आई : अजून ताठ आहे की नाही मी? सांग ना! अडुसष्टाव्या वर्षी! आता शेवट बघ. राणीला निरोप मिळतो, मुलगा लढाईत गेला. ती काही बोलत नाही. दोन पावलं टाकते, आणि धाडकन...

बाबा : टाचण्या!

लेक : आई, थांब! पडू नकोस!

आई : काय ओरडता दोघं! खाली गादी टाकलीय की. सोमवारपासून नऊ वेळा पडले. दिग्दर्शक पोरगी म्हणते, इतकी खरी पडणारी बाई तिने बघितली नाही.

लेक : नऊ वेळा? बाबा, आणि तुम्ही बघत बसलात?

बाबा : मी झगा बघत होतो. पडल्यावर कुठे उसवतो ते.

आई : तू उगीच चेहरा पाडू नकोस. गेल्या वर्षी ओल्या फरशीवर घसरले तेव्हा गादी नव्हती. आता आहे.

लेक : तेव्हा मनगट मोडलं होतं तुझं.

आई : जुळलं ना? तूच काढलास एक्स-रे. बघ, फिरतंय छान. जरा ते टेबलावरचे कागद उचल, चुरगळतील.

लेक : हे कुणाचे नमुने? बाबा, दोन गिऱ्हाइकांचे कागद एकत्र ठेवलेत तुम्ही. पुढचा भाग एका बाईचा, मागचा दुसरीचा.

बाबा : एकीचेच आहेत.

लेक : कसे असतील? पुढचा केवढा आखूड आहे. आणि मागे ही खडूची खूण, पाऊण इंच जास्त. आणि हे काय, खांद्यांच्या मध्ये अस्तराला कापसाचा थर?

बाबा : ते तसंच असतं.

लेक : कुणाचं?

बाबा : तुझ्या आईचं.

आई : माझं? अहो, मला कसला कापूस?

बाबा : पाठीवर कापड नीट बसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी भरतो थोडं. वरून सरळ दिसतं.

लेक : बाबा, मापवही कुठेय? ती निळी. द्या इकडे.

बाबा : त्यात काय बघायचंय चिमणे...

लेक : द्या म्हणते ना! आई, तू खुर्चीवर बस. हळू. टाचण्या असू देत. हं... "सौ., खांद्यापासून जमिनीपर्यंत, त्रेपन्न." हे लग्नानंतरचं. त्रेपन्न, त्रेपन्न, माझ्या जन्मानंतर त्रेपन्न. चाळीस वर्षं त्रेपन्न! तीन वर्षांपूर्वी साडेबावन्न. मग बावन्न. आणि परवा, एकावन्न. बाबा! दोन इंच!

बाबा : पहिल्यांदा वाटलं, टेप ताणला गेलाय. जुना टेप ताणला की माप कमी दाखवतो. नवा आणला.

लेक : मग?

बाबा : तोही तेच सांगायला लागला. म्हणून आणखी एक आणला.

आई : म्हणजे घरात तीन-तीन टेप लोळतायत ते यासाठी? मी म्हटलं, म्हातारपणी छंद जडला!

लेक : आई, हसू नकोस, ऐक. हे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला? आमच्याकडे साठीच्या पुढचं कुणी आलं की डॉक्टर पहिलं विचारतात, तरुणपणापेक्षा उंची कमी झालीय का? आणि एकालाही ठाऊक नसतं! उंची कोण मोजतंय? सगळे म्हणतात, असेल जराशी. आणि इथे आमच्या घरात दर वर्षाची, अर्ध्या-अर्ध्या इंचाची नोंद! तारखेसकट! असली वही आमच्या डॉक्टरांनी जन्मात बघितली नसेल!

आई : मग बक्षीस द्या तुझ्या बाबांना.

लेक : बक्षीस नाही. आई, हाडं ठिसूळ झाली की मणके दबतात. आवाज नाही, पडणं नाही. कधीकधी दुखतसुद्धा नाही. माणूस नुसता खाली खाली येतो. तुझी पाठ कधी दुखली होती?

आई : नाही बाई. ते मशिनचं झाकण उचललं तेव्हा चमक भरली होती, तेवढंच. आठ दिवस शेकलं, गेलं.

लेक : झाकण उचलताना मणका दबला असेल. आणि मनगट! उभ्याउभ्या पडून मनगट मोडतं, तेव्हाच विचारायला हवं होतं, एवढ्याने मोडलंच कसं? मी स्वतः एक्स-रे काढला. मनगटाचा होता म्हणून मनगटच बघितलं. दिवसभर दुसऱ्यांची हाडं बघते मी, आणि...

बाबा : चिमणे, रडू नकोस.

लेक : रडत नाहीये. चला उठा, आत्ता. माझ्याबरोबर. मणक्यांचा एक्स-रे आणि हाडांची घनता. अर्ध्या तासाचं काम आहे.

आई : सोमवारी.

लेक : आत्ता!

आई : सोमवारी म्हटलं ना! आज गुरुवार. आज तालीम, उद्या तालीम, परवा शेवटची तालीम. डॉक्टरने नको म्हटलं तर? ती आपल्या मजल्यावरची, मधल्या घरातली सून तयारच बसलीय माझी वाक्यं पाठ करून. सोमवारी काढा हवे तेवढे एक्स-रे, टाळूपासून तळव्यापर्यंत काढा. रविवारपर्यंत मला काही झालेलं नाही!

लेक : आणि शेवटच्या अंकात धाडकन पडलीस आणि खुब्याचं हाड मोडलं तर? आई, खुबा मोडून आलेली माणसं मी रोज ढकलगाडीवरून नेते. त्यातली कितीतरी पुन्हा स्वतःच्या पायावर घरी जात नाहीत. तुला त्या गाडीवर झोपवायला माझे हात चालणार नाहीत, सांगून ठेवते.

बाबा : चूक माझी आहे.

आई : तुमची कशी?

बाबा : मला दिसत होतं. तीन वर्षं दिसत होतं. पुढून दीड इंच कापायचो, मागून पाऊण सोडायचो, खांद्यात कापूस भरायचो. तू आरशासमोर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "बघा, अजून कशी ताठ आहे." मला बरं वाटायचं. वाटलं, वय आहे, वयाचं काय सांगायचं. माझ्या हातात कात्री होती, मी झाकून टाकलं. इतकं चांगलं शिवलं की पोरीलासुद्धा दिसलं नाही.

आई : स्वतःला हाडाचा शिंपी म्हणवता, आणि बायकोची हाडं अस्तरात लपवता?

बाबा : हो.

आई : मी अडतीस वर्षं काय केलं ठाऊक आहे ना? नट चुकला की सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं. मोठे मोठे नट डोळे वटारायचे माझ्यावर, तरी सांगितलं. कुणी चुकत असताना मी एकदा तरी गप्प बसले का? आणि माझ्याच घरात, माझं चुकतंय तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं?

बाबा : नव्हतं.

आई : ...काढा या टाचण्या.

बाबा : अगं, नाटक...

आई : टाचण्या काढा म्हणते. झगा घालून एक्स-रे काढतात का? आणि चिमणे, माझ्या चपला कुठायत? त्या नको, त्या घसरतात. पट्ट्याच्या दे.

(शनिवारी दुपारी. तीच खोली.)

बाबा : तालीम सकाळीच संपायची होती ना? दोन वाजले. मी चारदा जिना उतरलो. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, काय हो, पाय मोकळे करताय वाटतं?

लेक : आली, आली! जिन्यात आवाज येतोय. कठड्याला धरून चढतेय. आई, कठडा सोडू नकोस!

आई : धरलाय गं, धरलाय! दोन्ही हातांनी धरलाय! अहो, ऐका, ऐका! पाणी नंतर. आधी ऐका!

बाबा : आधी बस.

आई : बसते. पाठीमागे उशी दे. हं. तर मी गेले आणि दिग्दर्शक पोरीला सरळ सांगितलं. म्हटलं, बाई गं, माझे दोन मणके दबलेत. पुढून चेपून पाचरीसारखे झालेत. मला फोटोत दाखवलं डॉक्टरांनी. औषध सुरू झालंय. वाकून काही उचलायचं नाही, जड उचलायचं नाही, चालायचं रोज, आणि पडायचं तर अजिबात नाही. नाटक कर म्हणालेत. पडू नकोस म्हणालेत.

बाबा : आणि ती काय म्हणाली?

आई : ती काही म्हणायच्या आधीच सून उठून उभी राहिली, कोपऱ्यातून.

लेक : मेली!

आई : अगं, तिला कशाला दोष? मी अडतीस वर्षं तशीच उभी होते. तर पोरगी मला विचारते, "आजी, राणी पडली नाही तर शेवट कसा करायचा?" आणि मला काय सुचलं सांगू? मी म्हटलं, निरोप आल्यावर सगळा दरबार खाली बसू दे. सेनापती, दासी, प्रधान, सगळे गुडघ्यावर. राणी एकटी उभी राहील. आसनाच्या दांडीवर हात ठेवून. नुसती उभी.

लेक : आणि?

आई : करून बघितलं. सगळे खाली बसले आणि मी उभी. एक शब्द नाही. आणि अहो, माझ्या जागी आता जी मुलगी विंगेत वाक्यं पुरवते ना, तिला रडू फुटलं! पानावर पाणी! पोरगी ओरडली, "हाच शेवट! पडण्यापेक्षा हाच!" सून टाळ्या वाजवत होती, सून!

लेक : आई! आई, मला अंगावर काटा आला!

बाबा : म्हणजे... तूच राणी?

आई : मग कोण? झगा कुठाय माझा? उद्यावर नाटक आलं आणि झगा दोन तुकड्यांत!

बाबा : तयारच आहे. कापूस नवा घातलाय, आता आणखी...

आई : काढा.

बाबा : काय?

आई : कापूस काढा सगळा. पाठ जशी आहे तशी दिसू दे. राणी म्हातारी आहे, मुलगा गेलाय तिचा. ती वाकलेली असूनही उभी आहे, हे लोकांना दिसलंच पाहिजे की.

लेक : आणि बाबा, खालची घडी जमिनीपासून दोन बोटं वर घ्या. झग्यात पाय अडकला तर सगळं मुसळ केरात. मी आज तुमच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून ठेवलीय. न्हाणीघरात रबराची चटई टाकलीय. ती हलवायची नाही.

बाबा : दोन बोटं वर. बरं. तर मग पुन्हा माप घ्यावं लागेल. नव्याने.

आई : घ्या. कुठला टेप घेणार, तिघांतला?

बाबा : जुनाच. त्याने सगळ्यात आधी सांगितलं होतं.

लेक : मी लिहिते. वही द्या. तारीख घातली. खांद्यापासून जमिनीपर्यंत, बोला.

आई : अडलात का? मोठ्याने सांगा.

बाबा : एकावन्न.

लेक : लिहिलं. एकावन्न. डॉक्टर म्हणालेत, वहीची प्रत हवीय त्यांना. आणि दर सहा महिन्यांनी मोजायचं. औषध लागू पडलं तर आकडा इथेच थांबेल.

आई : आणि नाही थांबला तर?

बाबा : तर सांगेन. त्याच दिवशी. हळू आवाजात, पण सांगेन.

आई : बघा हं.

बाबा : वचन. आता जरा वळ. उजेडाकडे तोंड कर. हात खाली.

आई : लावा टाचण्या. मी हलत नाही.