सगळे माझ्या पाठीशी

...आणि वर परत म्हणतात काय, तर 'मावशी, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!' अहो, आहात ना? राहा! पण तुम्हाला सांगते, माझ्या पाठीशी इतकी माणसं उभी राहिली, इतकी उभी राहिली, की त्या पाठीचं पुढे काय झालं ते विचारायचंच राहून गेलं... ऐका तर खरं.

आमची लॉन्ड्री. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की एक टोक मी धरायचं, दुसरं शिडीनं. शिडी म्हणजे माझी जोडीदारीण, उंच आहे म्हणून शिडी, माझ्याबरोबर घडी घालताना बिचारी सदा वाकलेली! धरा, झटका, दुमडा, की पुढची हजर. सगळं उभ्यानं. बसायला साधी उलटी बादली नाही, उलटी केली की मुकादम येऊन सुलटी करतो. आधी पायाला मुंग्या यायच्या. मग मुंग्यासुद्धा यायच्या बंद झाल्या, त्यांनाही कंटाळा आला असेल! डॉक्टरांनी अंगठ्याला टाचणी टोचली नि विचारलं, 'काही जाणवतंय?' म्हटलं, 'टोचलीत कधी?' ते हसले नाहीत. म्हणाले, 'बसून काम करा, नाहीतर पाय कामातून जातील.'

शेठना सांगितलं. शेठ म्हणजे तोंडात साखर! 'मावशी, उभ्यानं घडी कशी झकास पडते! आणि बसायचंच असेल, तर... घरी बसा की!' माझ्या आधीच्या बाईला असंच घरी बसवलेलं. आमच्या घरात मिळवती मी एकटी. आता मला राग यायला हवा होता की नाही? नाही आला. पायासारखं आतलं सगळंच बधिर झालेलं. गुमान परत आले नि चादरीचं टोक धरलं.

राग आला शिडीला. तिनं युनियन काढली! मागणी एकच, बसायला द्या, आणि तसा करार करा. शेठ ढिम्म. मग शिडी गेली गुरुजींकडे. आमच्या गल्लीच्या टोकाला प्रार्थनेचा हॉल आहे, तिथले हे म्हातारे गुरुजी, त्यांचा पांढरा झगा आमच्याकडेच इस्त्रीला यायचा. गुरुजी म्हणाले, 'मुली, मी तुमच्या पाठीशी आहे,' आणि पुढच्या प्रार्थनेला उभे राहिले ते चुरगळलेल्या झग्यात! 'या बायका कामावर बसेपर्यंत माझ्या कपड्याला इस्त्री नाही!' झालं! मास्तर चुरगळलेले, वाणी चुरगळलेला, बँकेतला तो कडक कॉलरवाला, तोही चुरगळलेला... अहो, एक नवरदेव लग्नाला तसाच उभा राहिला, आणि त्याची सासू रडवेल्या आवाजात मला म्हणते, 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!' जन्म गेला माझा सुरकुत्या काढण्यात, माझ्या डोळ्यांचे काय हाल झाले असतील! नुसते हात शिवशिवायचे. पण मग हॉटेलवालेही म्हणाले, सगळ्या वस्तीशी वाकडं कशाला? चादरी थांबल्या, आणि शेठनी बोलणी करायला बोलावलं.

गेलो ऑफिसात, मी, शिडी नि गुरुजी. खुर्च्या काय एकेक गुबगुबीत! 'या गुरुजी, बसा, बसा!' गुरुजी म्हणाले, 'या बसल्या की बसतो.' 'मग त्यांनाही बसू दे की!' 'इथं नाही. कामावर बसल्या की.' आता आली का पंचाईत! शेठ दर आठवड्याला गुरुजींसमोर पहिल्या रांगेत हात जोडून असतात, गुरुजी उभे असताना हे बसणार कसे? शेठ उठले. शेठ उठले म्हणून त्यांचे वकील उठले. मुकादम तर आधीच उठलेला. खोलीभर खुर्च्या रिकाम्या आणि माणसं उभी! पहिलं कलम झालं, शेठ या पायावरून त्या पायावर. दुसरं झालं, वकील भिंतीला टेकले. आम्हाला काय, आम्ही रोजच्याच! पण गुरुजींचे गुडघे लटलटत होते हो, तरी म्हातारा बसेना. तेवढ्यात शिडी सावकाश म्हणते, 'जरा पहिल्यापासून वाचता का?' शेठ कळवळले, 'अगं बाई, वाचायचं काय त्यात! बसण्याची सोय करू, लिहा! पेन आण रे!' झाल्या सह्या. आणि शेठ, वकील, मुकादम, तिघंही धपकन बसले.

बाहेर हा जल्लोष! शिडी माझ्या गळ्यात पडून रडतेय, 'मावशी, जिंकलो!' म्हटलं, 'हो का?' खरं सांगते, मला काही वाटेचना. रडू नाही, हसू नाही. लोक म्हणाले, मावशींना आनंद झेपला नाही.

मग आली ती सोय. गोल, लोखंडी स्टूल! बसले. इतक्या वर्षांत कामावर पहिल्यांदा बसले, आणि पायात जीव आला... आला तो ठणकतच आला! 'आई गं' म्हणून मागं टेकायला गेले, ती थेट चादरींच्या ढिगात! पाठच नाही हो त्याला! शिडीनं धावत जाऊन करार आणला. 'बसण्याची सोय.' बसण्याची! टेकण्याची कुठाय? मुकादम दात काढून म्हणतो, 'मावशी, करारात पाठ नाही!' लिहिणार कोण? त्या घाईत जो तो आपापल्या पायांत अडकलेला. अख्खी वस्ती माझ्या पाठीशी, आणि स्टुलाला तेवढी पाठ नाही! गुरुजींना सांगितलं. झगा आता कडक इस्त्रीचा. म्हणाले, 'पुढच्या करारात बघू, मावशी. आम्ही तुमच्या...' म्हटलं, कळलं, कळलं.

आता जेवणाच्या सुट्टीत शिडी तिचं स्टूल माझ्यामागं आणते, नि आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसतो. तिची हाडं टोचतात. हो, टोचतात, चक्क कळतं मला! परवा डबा खाता खाता म्हणते कशी, 'मावशी, मी तुमच्या पाठीशी आहे हं!'

म्हटलं, माहितीये गं बाई... हलू नकोस फक्त.