मास्तरांचे चार गुण

सोलापुरातल्या एका दवाखान्यात पाठदुखीवरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी होती. श्रावणी टेबलामागे लोकांचे अर्ज घ्यायला बसली होती. समोरच्या बाकावर निवृत्त यज्ञेश्वर मास्तर आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंचं जुंपलं, तसे तिचे कान तिकडे गेले.

"अहो, दुखण्याला दहापैकी चारच?"

"चार पुष्कळ झाले."

"पाचाच्या खाली घेत नाहीत इथं! सकाळी चप्पल घालताना रडलात की."

"शिस्तीत रडलो. पस्तीस वर्षांत कुणाला सहाच्या वर गुण दिले नाहीत मी. पोटच्या पोरालासुद्धा साडेतीन."

"म्हणून तो पुण्यात राहतो. आणि त्या गुंगीच्या गोळ्या? परवा लग्नात अक्षता मुठीत धरून झोपलात. नवरा-नवरी जेवून उठले, तांदूळ तुमच्या हातातच."

"ह्या इंजेक्शननं गुंगी येत नाही?"

"न्हाई हो. धुळीपेक्षा बारीक कणांत औषध भरून दुखऱ्या नसेपाशी सोडतात. तिथंच हळूहळू काम करतं. डोक्यात जातच नाही."

"माझ्या गणितासारखं."

"खरं सांगा, किती दुखतं?"

मास्तर बाक धरून, तीन दमात उठून टेबलाशी आले.

"बाई, पेपर फेरतपासणीला घ्याल?"

श्रावणीनं कोरा अर्ज पुढं केला. मास्तरांनी खिशातलं लाल पेन काढून नऊ लिहिले.

"सोमवारी इंजेक्शनला या, सर."

"आता दहा द्यायला काय झालं होतं?" अनसूयाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"पैकीच्या पैकी दिले तर दुखणं शेफारेल."