धनी नसलेलं पान

—न्हाय सर, तुमी बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, हिकडं बसा. हां. आता म्हणा परत, फुकट. कळंबपासून येष्टीनं हादरे खात इंदापूरला आलात, ते फुकट आलात का? तिकीट काढलंत. स्टँडवर चहा घेतलात, तो कुणी फुकट पाजला? न्हाय. आणि आयुष्यभर शाळंत मराठी शिकवून, आता कुठं स्वतःचं चार पानं लिहिलंय, गावच्या माणसांचं, आठवड्याला एक असं टाकत राहायचं म्हणताय—तर ते इंटरनेटवर ठेवायला मात्र फुकट जागा बघ, बानू! अमेरिकेतली कंपनी देती म्हणं. का देती? तुमी काय तिचे जावई लागून गेलात?

आवो, फुकट जागेचा पत्ता बघितलाय का कधी? आधी कंपनीचं नाव, मग गल्ली, मग बोळ, मग ती नागमोडी रेघ, मग आकडा—सांगता सांगता ऐकणारा झोपतो. आणि स्वतःचं नाव घेतलं—डोमेन म्हणत्यात त्याला—की पत्ता तुमचा. उद्या जागा बदला, परवा कंपनी बदला, पत्ता तोच. फुकटात काय व्हतं? तुमी लिहिणार तुमच्या आईवर, आणि तिच्या डोक्यावर जुगाराची जाहिरात नाचणार. त्यांची भिंत, त्यांचा चुना. तुमी नुसते खडू घेऊन उभे. —व्हय, खर्च येतो. पेनाला येतो, कागदाला येतो, लिहिण्यालाच तेवढा यायला नको तुमाला. शिकलेली माणसं तुमी!

मला कसं ठाऊक? ठाऊक हाय. —आवो, माझं व्हतं म्हणून ठाऊक हाय.

गेल्या साली, अठ्ठ्याण्णवला, हे दुकान नवं व्हतं तवाची गोष्ट. दुकान म्हणजे खोली भाईची, माझ्या थोरल्या भावाची, इमामभाईची—तो बाजारात फळं विकतो, आणि कॉम्प्युटर मी चालवते. गिऱ्हाईक कुठलं? पुण्याला फोन लावल्यावर नेट लागायचं, त्याचं बिल ऐकूनच लोक पळायचे. बसल्या बसल्या असल्याच फुकट जागेत पान काढलं. 'इंदापूरची खबर'. हसा, हसा. बाजार उठला की लिहायची. उजनीला पाणी किती, पेरूला भाव काय, तहसीलसमोर कोण उपोषणाला बसलं आणि कोण मागच्या दारानं जेवून आलं. मराठी अक्षरं टाकली की परदेशात किडामुंग्या दिसायच्या, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. वाचायची लोकं, खोटं न्हाय सांगत. दुबई, लंडन, कुठं कुठं आपली माणसं पडल्यात, त्यांना उजनीच्या पाण्याचं लई. पानाच्या खाली चौकट व्हती, तितं दोन ओळी लिहून जायची. मी पण तितंच उत्तर द्यायची. खाली सही—एक इंदापूरकर. माझं नाव न्हाय टाकलं. कसं टाकणार? आमचा भाई म्हणजे—ते जाऊ द्या. सगळी म्हणायची, इंदापूरकर दादा, लई झ्याक लिहिता. दादा!

एकट्यानं वळखलं. मी लिहिलं व्हतं, बाजारात नवा कासार आलाय, बांगड्या भरताना हात असा दाबतो की डोळ्यांत पाणी येतंय. झालं. खाली मस्कतवरनं ओळ आली, 'हे लिहिणारी बाई हाय. बाप्याला हे सुचायचं न्हाय.' सही—सिद्धू. तितं क्रेन चालवायचा. उंचावर एकटा बसतो म्हणायचा, खाली समदी माणसं मुंग्यांवाणी, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन इंदापूर वाचतो. मी उत्तर दिलं, बाई असली तर वाचायचं सोडणार का? तर म्हणतो, न्हाय, दोनदा वाचणार. —हे असलं चारचौघांत, पानाच्या खाली! बाकीचे तितंच विचारतायत, पेरूचा भाव काय. मग दर आठवड्याला. मी पण मुद्दाम एखादी बायकी गोष्ट घालायची, वळखतो का बघू म्हणून. वळखायचा.

—तुमच्याच कळंबचा. तसं लिहिलं व्हतं त्यानं एकदा. असू दे. मुद्दा काय सांगत व्हते मी? फुकट जागा.

यंदा फेब्रुवारीत त्यानं लिहिलं, मे महिन्यात सुट्टीवर येतोय, इंदापुरात कुठं भेटाल? म्हटलं, घाई नको, विचार करून लिहू. रात्री विचार केला, सकाळी आले तर फोन मुका. हायवेच्या कामावरच्या मशिननं केबल तोडलेली! टेलिफोनवाले म्हणायचे, खोदणाऱ्यांनी जोडून द्यावी. खोदणारे म्हणायचे, केबलच भलतीकडं पुरलेली. दोघं बोट दाखवत बसले आणि निम्मं इंदापूर मुकं. बारामतीला जाऊन का न्हाय लिहिलं? हेच तुमी विचारणार, मला ठाऊक हाय. बारामतीला जायचं तर भाई विचारणार, कशाला. आणि मी सांगणार काय—मस्कतच्या क्रेनवाल्याला पत्ता द्यायला? रोज उठायची, फोन कानाला लावायची, ठेवायची. लाईन आली तवा उन्हाळा लागला व्हता. पान उघडलं तर पान न्हाय. तितं नटव्या बाया, 'हितं दाबा, नवीन मित्र मिळवा'. कंपनीचा नियम म्हणं—बरेच दिवस कुणी हात लावला न्हाय की पुसायचं. कुठं लिहिला व्हता नियम? लिहिला व्हता की, बारीक इंग्रजीत, आणि मी 'मान्य' दाबलं व्हतं. समदी दाबत्यात. लिहिलेलं गेलं, चौकट गेली, त्याच्या ओळी गेल्या. मेलचा पत्ता? कधी घेतलाच न्हाय, सर. दर आठवड्याला दारात भेटणाऱ्याला कुणी पत्ता विचारतं का?

आणि मे महिन्यात तो आला.

आला! हितं, स्टँडवर. मला कुठलं कळतंय? पेपर विकणारा झुंबर हाय ना, मिशीवाला, तो सांगत आला दुकानात, पोट धरून हसत. म्हणाला, "बानू, आज गंमत झाली. मस्कतचा एक जण आला व्हता, इस्त्रीची कापडं, हातात पिशवी. म्हणतो, इंटरनेटवर इंदापूरची खबर लिहायचं ते कोण? पान बंद पडलंय, समद्या स्टँडवर विचारतोय, कुणाला ठाऊक न्हाय. मी म्हटलं, मीच की!" मी म्हटलं, तू? का? तर म्हणतो, "आगं, खबरा म्हणजे पेपर, पेपर म्हणजे मी. त्यानं इचारलं, तुमीच? नक्की? मी मिशीला पीळ दिला, म्हटलं, मग काय बायको लिहिती? लई येळ बघत बसला माझ्याकडं. चहाबी अर्धा टाकला. जाताना पिशवी ठेवून गेला, खजूर हाय, घे तुला बी."

घे तुला बी! त्याला कॉम्प्युटर कुठनं चालू करत्यात ते ठाऊक न्हाय, सर, आणि धनी झाला माझ्या पानाचा. व्हणारच की. नाव न्हाय, जागा दुसऱ्याची—ज्याला धनी न्हाय त्याला कुणीबी धनी. आणि मी काय म्हटलं झुंबरला? भाई तितंच बसलेला, हिशोब करत. मी म्हटलं, मला खजूर चालत न्हाय, दात दुखत्यात.

—न्हाय, रडत कुठं हाय? धूळ हाय हितं, हायवेची.

मग घेतलं स्वतःचं. पुण्याला एकाकडं पैसे भरायला परदेशात चालणारं कार्ड हाय, त्याच्याकडनं. पण नाव माझ्याच नावावर करून घेतलं, तेवढं बघा तुमी, न्हायतर तोच मालक बनून बसंल. बानू बागवान डॉट कॉम. पुरतं नाव, वर, ठळक. भाई आठ दिवस बोलला न्हाय. न बोलू दे. उजनीचं पाणी लिहिते, पेरू लिहिते, कासार पण लिहिला परत. जुनी माणसं? न्हाय आली. कुणाला नवा पत्ता ठाऊक?

काय? तुमी वळखता सिद्धूला? —तुमच्याच आळीतला? शाळंत तुमच्या हाताखाली शिकला? —न्हाय, न्हाय. न्हाय म्हणते ना मी. काय लिहिताय ते? मला नको त्याचा पत्ता. मी काय विचारलं तुमाला? तुमी आलात फुकट जागा मागायला, मी दोन गोष्टी बऱ्याच्या सांगितल्या, तर हे काय मधीच! ज्याला वाचायचंय त्यानं हुडकावं. माझं नाव आता लपलेलं न्हाय. उचला तो कागद. उचला म्हणते ना. आणि तुमच्या लिखाणाचं घरी जाऊन ठरवा, नाव घ्यायचं असंल तर या, फुकटचं हवं असंल तर झुंबरकडं जावा, तो बी करून देईल, मिशीला पीळ देत. चला, उठा. दुकान बंद करायचंय.

—व्हय, भर दुपारी. माझी मर्जी.

—आवो सर... ऱ्हाऊ द्या तो कागद तितंच. जावा तुमी.